शॉट, टेक, ॲक्सिस, रूम टोन: फोनवर शॉर्टफिल्म करण्याआधी सिनेमाची भाषा समजून घ्या

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघांनी एक शॉर्टफिल्म केली. म्हणजे शूट केली, पूर्ण झालीच नाही. गोष्ट साधी होती. पुण्यात नोकरी करणारी मुलगी सुट्टी संपवून परत निघालीय. बाबा तिला तालुक्याच्या एसटी स्टँडवर सोडायला आलेत. नोकरी गेल्याचं तिने घरी सांगितलेलं नाही आणि बस यायच्या आत तिला ते सांगायचंय. बाबांच्या भूमिकेत एका मित्राचे काका होते. भजनी मंडळात पेटी वाजवायचे, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभे राहिले होते आणि आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं काम करून गेले.

फोन चांगला होता, व्हिडिओ फोर-केमध्ये होता. पण एडिटला बसलो तेव्हा काहीच जुळेना. बाबा आणि मुलगी एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नव्हतं, दोघंही एकाच बाजूला बघत होते. आवाज शॉटागणिक बदलत होता. दुसऱ्या दिवशी काका दाढी करून आले होते, कारण घरी सत्यनारायण होता आणि 'दाढी ठेवा' असं आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं. स्पर्धेची तारीख निघून गेली. पुढच्या वर्षी शूट करू म्हणालो, पण त्याआधीच काका गेले.

यातली जवळजवळ प्रत्येक चूक अशी होती की तिला सिनेमात आधीपासून एक नाव आहे. नाव माहीत असतं तर कुणीतरी वेळेवर ओरडलं असतं. म्हणून हा लेख. यात पाठ करायच्या व्याख्या कमी आहेत आणि फोन हातात घेऊन शूट करताना खरोखर लागतात ते शब्द जास्त आहेत.

फ्रेम, शॉट, टेक, सीन: इथेच पहिला गोंधळ होतो

'फ्रेम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही रोज वापरले जातात. पहिला अर्थ, व्हिडिओतलं एक स्थिर चित्र. दुसरा, स्क्रीनची चौकट. 'फ्रेममध्ये ये' म्हणजे त्या चौकटीत ये.

'शॉट' म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत कॅमेऱ्याने सलग टिपलेला तुकडा. एडिट झालेल्या फिल्ममध्ये बघायचं तर एका कटपासून पुढच्या कटपर्यंतचा भाग. हाच शॉट पुन्हा पुन्हा घेतला की प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक 'टेक'. म्हणजे शॉट एकच, टेक सहा असू शकतात. आमच्या ग्रुपमध्ये एक जण टेकला शॉट म्हणायचा आणि दुसरा सीनला. 'तिसरा शॉट मस्त आलाय' हे वाक्य ऐकून तिघं तीन वेगळ्या क्लिप उघडायचे.

'सीन' म्हणजे एका जागी, एका वेळी घडणारा प्रसंग. जागा किंवा वेळ बदलली की सीन बदलला. पटकथेत प्रत्येक सीनच्या डोक्यावर हे लिहिलेलं असतं: 'बाह्य. एसटी स्टँड. पहाट.' घराच्या आत असेल तर 'अंतर्गत'. ही एक ओळ वाचून लाईट काय लागेल, किती वाजता पोचायचं, आवाजाचा त्रास होईल का, हे सगळं कळतं. अनेक सीन मिळून एक सलग घटनाक्रम तयार झाला की तो 'सीक्वेन्स'. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशोब धरतात. तुमची गोष्ट बारा पानांची असेल आणि स्पर्धा पाच मिनिटांची, तर आधी पेन्सिल हातात घ्या.

फोनवर शूट करताना एक सवय लावा. प्रत्येक टेकनंतर दुसऱ्या फोनच्या नोट्समध्ये तीन गोष्टी लिहायच्या: शॉट नंबर, टेक नंबर आणि 'ओके' की 'एनजी'. एनजी म्हणजे नो गुड, चालणार नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण रात्री दीडशे क्लिपा उघडून बघण्यापेक्षा कमी कंटाळवाणं आहे.

'ॲक्शन'च्या आधी काय काय होतं

सिनेमातल्या सिनेमात आपण फक्त 'लाईट, कॅमेरा, ॲक्शन' ऐकलेलं असतं. खऱ्या सेटवर क्रम साधारण असा असतो. आधी सगळ्यांना गप्प केलं जातं. मग 'रोल साउंड'. ध्वनिमुद्रक म्हणतो, 'रोलिंग'. मग 'रोल कॅमेरा', पुन्हा 'रोलिंग'. मग क्लॅप. मग 'ॲक्शन'. आवाज आधी आणि कॅमेरा नंतर का? फिल्म रिळाच्या काळात निगेटिव्ह महाग होतं, एकेक फूट मोजून वापरायचे. म्हणून कॅमेरा शक्य तितका उशिरा सुरू व्हायचा. रीळ गेलं, पण क्रम राहिला.

क्लॅप, म्हणजे ती पट्ट्यापट्ट्यांची पाटी, शोभेची नाही. आवाज वेगळ्या यंत्रावर रेकॉर्ड होतो आणि चित्र वेगळ्यावर. पाटी बंद होताना दिसते ती फ्रेम, आणि 'टक्' आवाजाने साउंडच्या ग्राफमध्ये उठलेला टोकदार उंचवटा, ही दोन एकमेकांवर ठेवली की चित्र आणि आवाज जुळले. तुम्ही आवाजासाठी दुसरा फोन वापरत असाल तर हीच युक्ती चालते. पाटी नको, कॅमेऱ्यासमोर हाताने एक टाळी वाजवा आणि त्याआधी तोंडाने म्हणा, 'शॉट चार, टेक दोन'.

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द: 'कट'. तो फक्त दिग्दर्शकाने म्हणायचा. नटाने नाही, फोन धरणाऱ्यानेही नाही. कट ऐकू येईपर्यंत काहीही झालं तरी रेकॉर्डिंग चालू. आमच्या शूटला एका टेकमध्ये काका वाक्य विसरले आणि नुसतेच मुलीकडे बघत उभे राहिले. लिहिलेल्या वाक्यापेक्षा ते बघणं जास्त खरं होतं. पण फोन धरणाऱ्याला वाटलं की चुकलं, आणि त्याने लाल बटण दाबलं. तो क्षण दोन सेकंदांचा आहे आणि मध्येच तुटतो. म्हणून आता मी ॲक्शनआधी पाच सेकंद आणि काम संपल्यावरही पाच सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवतो. एडिटरला कापायला जागा मिळते.

मुंबईच्या सेटवरची बोलीही थोडी माहीत असू दे. उद्या कुठे इंटर्न म्हणून गेलात तर उपयोगी पडेल. 'फील्ड क्लिअर' म्हणजे कॅमेऱ्याला दिसणाऱ्या भागातून बाजूला व्हा. 'पासिंग' म्हणजे मागून माणसं चालवणं, स्टँड खराखुरा वाटावा म्हणून. 'लुक' म्हणजे नटाने नेमकं कुठे बघायचं ते. डॉलीला सगळे 'ट्रॉली' म्हणतात. उजेड परतवायला वापरतात तो पांढरा थर्माकोलचा पत्रा, त्याला नुसतं 'थर्माकोल' म्हणतात आणि तो तुमच्याही बजेटमध्ये बसतो. चहा-पाण्यापासून खुर्चीपर्यंत सगळं बघणारे ते स्पॉटदादा. त्यांच्याशी नीट वागा.

वाइड ते क्लोजअप: किती जवळ जायचं?

माणूस चौकटीत किती दिसतो यावरून शॉटची नावं ठरतात. आख्खं स्टँड, त्यात दोन छोटी माणसं, हा 'वाइड' किंवा 'लाँग शॉट'. सीनच्या सुरुवातीला जागा ओळखू यावी म्हणून वापरला की 'एस्टॅब्लिशिंग शॉट'. कमरेपासून वर 'मिड'. चेहरा म्हणजे 'क्लोजअप'. नुसते डोळे, किंवा पिशवीचा बंद घट्ट धरलेली बोटं, हा 'एक्स्ट्रीम क्लोजअप'. गुडघ्यांपासून वरच्या शॉटला 'अमेरिकन शॉट' म्हणतात, कारण काउबॉयपटांत कमरेची बंदूक दिसायला हवी असायची. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा दिसतो तो 'ओव्हर द शोल्डर'. पात्राला जे दिसतंय तेच आपल्याला दाखवणारा शॉट 'पीओव्ही'. सगळा सीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मोठ्या शॉटमध्ये घेतला की तो 'मास्टर'. नवीन असाल तर मास्टर आधी घ्या. बाकी काही बिघडलं तरी सीन हातात राहतो.

ही नावं म्हणजे केवळ मापं आहेत असं समजू नका. जवळ जाणं हा निर्णय आहे. सारखे क्लोजअप दिले तर शेवटी खरोखर जवळ जायची वेळ येते तेव्हा तुमच्याकडे काही शिल्लक राहत नाही. रील्स बघून बघून आपल्याला चेहरा मोठा दाखवायची इतकी सवय झालीय की वाइड शॉट 'रिकामा' वाटतो. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) बघा. कॅमेरा लांब उभा असतो, बहुतेक वेळा हलत नाही, आणि न्यायालयात कोण जांभई देतंय, कोण कागद शोधतंय हे आपणच शोधत बसतो. याउलट नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'चा (२०१३) शेवटचा शॉट आठवा. जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे येतो. कॅमेरा दुसरीकडे कुठेही ठेवला असता तर तो दगड फक्त एका माणसाला लागला असता.

कॅमेऱ्याची उंचीही बोलते. खालून वर बघणारा 'लो अँगल' माणसाला मोठं करतो, वरून बघणारा 'हाय अँगल' लहान करतो. पण याचा नियम करू नका. फोन बहुतेक वेळा उभ्या माणसाच्या छातीशी धरला जातो, त्यामुळे बाकावर बसलेल्या माणसाचे सगळे शॉट नकळत हाय अँगल होतात. बसलेल्या माणसाचा शॉट घेताना तुम्हीही खाली बसा. आमचे सगळे काका वरून दिसतात.

ॲक्सिस: दोघं एकाच बाजूला का बघत होते

हा भाग दोनदा वाचा, कारण यात फोन कितीही महाग असला तरी मदत करत नाही.

दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्या डोळ्यांना जोडणारी एक सरळ रेषा मनात काढा. ही झाली 'ॲक्सिस', किंवा नुसती 'लाइन'. कॅमेरा या रेषेच्या एकाच बाजूला ठेवायचा, म्हणजे अर्ध्या वर्तुळात, १८० अंशांत. म्हणून याला '१८० डिग्री रूल' म्हणतात. त्या अर्ध्या वर्तुळात कुठेही फिरा, मुलगी चौकटीत डावीकडे राहून उजवीकडे बघेल आणि बाबा उजवीकडे राहून डावीकडे बघतील. वेगवेगळे क्लोजअप जोडले तरी नजरा भिडतात.

आम्ही मुलीचे शॉट फलाटाच्या बाजूने घेतले. बाबांच्या मागे ऊन छान पडलं होतं म्हणून त्यांचे शॉट घ्यायला पलीकडे गेलो. रेषा ओलांडली. परिणाम असा की क्लोजअपमध्ये मुलगीही उजवीकडे बघते आणि बाबाही उजवीकडेच. दोघं मिळून कुणा तिसऱ्याशीच बोलतायत असं वाटतं. शूट करताना हे मुळीच जाणवत नाही, कारण आपल्याला तिथे ती दोघं खरोखर समोरासमोर दिसत असतात. जाणवतं ते एडिटिंग टेबलवर.

फुटबॉलच्या प्रक्षेपणात हीच शिस्त दिसेल. मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला असतात. नाहीतर आपला संघ कुठल्या गोलकडे धावतोय तेच कळणार नाही. बस, गाडी, धावणारा माणूस यांनाही हेच लागू. एका शॉटमध्ये बस डावीकडून उजवीकडे निघाली आणि पुढच्यात उजवीकडून डावीकडे, तर ती परत आली असं वाटतं.

लाइन ओलांडायचीच असेल तर सभ्य मार्ग आहेत. शॉट चालू असतानाच कॅमेरा फिरवत पलीकडे न्या, म्हणजे प्रेक्षक तुमच्याबरोबर येतो. किंवा मध्ये बरोबर रेषेवरूनच घेतलेला एक शॉट टाका. किंवा पात्रालाच उठवून दुसरीकडे चालवा, मग रेषाच नवीन तयार होते. मुद्दाम गोंधळ उडवायला काही दिग्दर्शक ती तोडतातही. पण मुद्दाम तोडणं आणि न कळत तुटणं यातला फरक प्रेक्षकाला कळतो.

दाढीच्या प्रकाराला 'कंटिन्युइटी' म्हणतात. मोठ्या सेटवर फक्त हेच बघायला एक माणूस असतो. तुम्ही प्रत्येक शॉट संपल्यावर नटाचा एक फोटो काढा: केस, बाही, पिशवी कुठल्या हातात, चहाच्या ग्लासात चहा किती.

झूम आणि ट्रॉली एकच नव्हे

'पॅन' म्हणजे कॅमेरा एकाच जागी ठेवून आडवा फिरवणं, 'टिल्ट' म्हणजे वर-खाली मान हलवल्यासारखं. 'ट्रॉली' म्हणजे कॅमेरा स्वतः जागेवरून सरकतो. 'झूम'मध्ये कॅमेरा हलतच नाही, फक्त चित्र मोठं होतं. बोटांनी चिमटून झूम करणं आणि दोन पावलं पुढे जाणं यातून सारखंच चित्र मिळेल असं वाटतं, पण पुढे गेलात की मागची आणि पुढची वस्तू यांचं नातं बदलतं. झूममध्ये ते तसंच राहतं. हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'त (१९५८) ही दोन्ही एकाच वेळी, उलट दिशांनी केली आहेत. माणूस तेवढाच राहतो आणि मागचं जग ताणलं जातं. त्याला 'डॉली झूम' म्हणतात.

फोनसाठी यात कामाची गोष्ट अशी. बहुतेक फोनची मुख्य लेन्स, म्हणजे '१ एक्स', मोठ्या कॅमेऱ्याच्या भाषेत २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपासची, बऱ्यापैकी वाइड असते. तिने चेहऱ्याजवळ जाऊन क्लोजअप घेतला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर दोन पावलं मागे या आणि २ एक्स किंवा ३ एक्सवर घ्या. चेहरा माणसासारखा दिसतो. वेगळी लेन्स नसेल तर खूप झूम टाळा. तो फक्त पिक्सेल ताणतो.

'फोकस पूल' म्हणजे शॉट चालू असताना फोकस एका माणसावरून दुसऱ्यावर नेणं. 'डेप्थ ऑफ फील्ड' म्हणजे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट आहे ते. फोनचा सेन्सर लहान असल्यामुळे जवळजवळ सगळंच स्पष्ट दिसतं. 'सिनेमॅटिक' किंवा 'पोर्ट्रेट व्हिडिओ' मोड मागचं धूसर करतात ते सॉफ्टवेअरने. केस आणि चष्म्याच्या कडांवर ते फसतं. मी वापरत नाही. त्याऐवजी स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं. नाहीतर मागून पांढरी बस गेली की फोन घाबरून बाबांचा चेहरा काळा करतो.

२४, २५ की ३०? आणि ट्यूबलाईट का लुकलुकते

एका सेकंदात किती स्थिर चित्रं दाखवायची तो 'फ्रेम रेट', म्हणजे एफपीएस. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग कमी-जास्त व्हायचा. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले. आवाज चित्राबरोबर पळायचा तर वेग पक्का हवा, आणि तो २४ ठरला. सिनेमा 'सिनेमासारखा' दिसतो यामागे हे एक कारण आहे. फोन मात्र बहुतेक वेळा ३० वर सेट केलेला येतो. ६० किंवा १२० वर शूट करून २४ च्या वेगाने दाखवलं की स्लो मोशन मिळतं. त्याचा मोह आवरा, स्टँडवरची प्रत्येक मुलगी स्लो मोशनमध्ये वळायची गरज नसते.

'शटर स्पीड' म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश मिळतो. जुना संकेत असा की फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवा, म्हणजे २५ एफपीएसला १/५० सेकंद. हात हलताना थोडा पुसट होतो आणि हालचाल नैसर्गिक वाटते. १/१००० ठेवलं तर हालचाल करवतीसारखी तुटक दिसते.

आता भारतातली खास गोष्ट. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. त्यामुळे ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. ३० एफपीएस आणि १/६० शटर ही जोडी ६० हर्ट्झच्या अमेरिकेत ठीक चालते. आपल्याकडे तिने पडद्यावर पट्टे सरकतात. उपाय सोपा आहे: २५ एफपीएस, शटर १/५०. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'पाल फॉरमॅट' दाखवायचा पर्याय सुरू केला की २५ मिळतं. अँड्रॉइडच्या प्रो व्हिडिओ मोडमध्ये शटर हाताने ठेवता येतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप दोन्हीकडे आहे. फक्त भर दुपारी १/५० ठेवलं तर चित्र पांढरंफटक होईल, कारण बहुतेक फोनमध्ये लेन्सचं छिद्र लहान-मोठं करता येत नाही. त्यासाठी लेन्सवर लावायची काळी काच मिळते, तिला 'एनडी फिल्टर' म्हणतात. ती नसेल तर पहाट आणि संध्याकाळ तुमच्या.

आवाज: इथे सिनेमा हरतो

खराब चित्र लोक सहन करतात. खराब आवाज आला की दहा सेकंदांत पुढची रील. फोनचा माइक कॅमेऱ्याबरोबर मागे-पुढे होतो, म्हणून वाइडमध्ये बाबा विहिरीतून बोलतात आणि क्लोजअपमध्ये कानात. दुसरा फोन विमान मोडवर टाका, इयरफोनचा माइक नटाच्या शर्टाच्या आत लावा, फोन खिशात. ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, व्हिडिओसाठी तेच वापरतात.

शूटच्या वेळी चित्राबरोबर घेतलेला आवाज म्हणजे 'सिंक साउंड'. नंतर स्टुडिओत ओठांबरोबर बोलणं म्हणजे 'डबिंग'. पावलं, बांगड्या, पिशवीची चेन असे आवाज नंतर चित्र बघत तयार करणं म्हणजे 'फोली'. हॉलिवूडमधल्या जॅक फोली या माणसाच्या नावावरून तो शब्द आला.

आणि 'रूम टोन'. प्रत्येक जागेला एक शांतता असते आणि ती वेगवेगळी असते: पंखा, दूरचा जनरेटर, चिमण्या. शूट संपलं की सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करायचा. संवाद कापले की मध्ये जी पोकळी पडते ती याने भरायची. आम्ही केलं नाही. त्यामुळे काकांच्या दोन वाक्यांमधली प्रत्येक शांतता वेगळी वाजते: एकीत बसचं इंजिन, एकीत कंडक्टरची शिट्टी, एकीत काहीच नाही. त्यांचा आवाज असलेलं एवढंच आमच्याकडे आहे.

पार्श्वसंगीताने हे झाकता येईल असं वाटतं. थोडंफार झाकतं. पण 'सैराट'च्या (२०१६) शेवटच्या प्रसंगात संगीत काढून घेतलंय तेव्हा काय होतं ते आठवा. जिथे-तिथे पियानो टाकण्याआधी एकदा म्यूट करून बघा.

कट म्हणजे नुसतं कापणं नव्हे

संकलनातलं सगळ्यात जुनं आणि अजूनही सगळ्यात उपयोगी उदाहरण रशियाच्या लेव कुलेशोव्हचं आहे. १९२० च्या आसपास त्याने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा तीन वेगळ्या शॉटना जोडला: सूपची वाटी, शवपेटी, एक स्त्री. बघणाऱ्यांना चेहऱ्यावर भूक, दुःख आणि इच्छा दिसली. चेहरा एकच होता. दोन शॉट जोडले की अर्थ मधल्या फटीत तयार होतो. याला 'कुलेशोव्ह इफेक्ट' म्हणतात.

बाकीचे शब्द भराभर. वेळ मध्येच उडी मारते तो 'जंप कट', यूट्यूबवर तो रोज दिसतो. गोदारच्या 'ब्रेथलेस'ने (१९६०) तो गाजवला. एका शॉटमधला आकार किंवा हालचाल पुढच्यात जुळते तो 'मॅच कट'. संवाद चालू असताना मध्येच दाखवलेली वस्तू, समजा स्टँडवरचं घड्याळ, हा 'कटअवे'. पुढच्या शॉटचा आवाज चित्राआधी येतो तो 'जे कट'. मागच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्रावर चालू राहतो तो 'एल कट'. टाइमलाइनवर तुकड्यांचा आकार त्या इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो म्हणून ही नावं. पहिली ओबडधोबड जोडणी 'रफ कट', शेवटची 'फायनल कट'. रंग सारखे करणं 'कलर करेक्शन', त्यांना मूड देणं 'ग्रेडिंग'.

हे शब्द कळल्यावर, बऱ्याच वर्षांनी मी जुनं फुटेज पुन्हा उघडलं. ॲक्सिस तुटलेली असल्याने दोघांना समोरासमोर बसवणं शक्य नव्हतं. म्हणून मुलीचे क्लोजअप काढूनच टाकले. तिचा फक्त आवाज ठेवला आणि एल कटने तो काकांच्या चेहऱ्यावर नेला. मध्ये घड्याळाचा कटअवे. शेवटी तो अर्धवट तुटलेला दोन सेकंदांचा शॉट, थोडा हळू केलेला. एक मिनिट दहा सेकंदांची फिल्म झाली. काकूंना दाखवली. त्या म्हणाल्या, 'हे असेच गप्प बसायचे.'

शूटच्या आदल्या रात्री: शॉट लिस्ट

कुठला शॉट, किती मोठा, कॅमेरा कुठे, आवाज कुठून, हे कागदावर लिहिणं म्हणजे 'शॉट लिस्ट'. सार्वजनिक जागेची परवानगी आधी काढा, तो कागदही यालाच टाचून ठेवा. तोच सीन आज करायचा झाला तर माझी यादी अशी असेल:

बाह्य. एसटी स्टँड. पहाट. २५ एफपीएस, शटर १/५०. कॅमेरा पूर्ण वेळ फलाटाच्या बाजूला, लाइन ओलांडायची नाही.

शॉट १: मास्टर, वाइड, स्थिर. दोघं बाकावर, मुलगी डावीकडे. पूर्ण सीन. मागून दोन पासिंग.
शॉट २: बाबांचा मिड, मुलीच्या खांद्यावरून. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.
शॉट ३: मुलीचा मिड, बाबांच्या खांद्यावरून.
शॉट ४: कटअवे, घड्याळ. कटअवे, पिशवीचा बंद.
शॉट ५: बाबांचा क्लोजअप, २ एक्स. मुलगी बातमी सांगते तिथून पुढे. वाक्य विसरलं तरी चालेल. माझा 'कट' ऐकू येईपर्यंत कुणीही फोनला हात लावायचा नाही.
शॉट ६: बस डावीकडून उजवीकडे जाते. वाइड.
रूम टोन, एक मिनिट. बस गेल्यावर.

खाली मोठ्या अक्षरात: बाबांची दाढी, दोन्ही दिवस तशीच.